मोज्याची टाच

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी "विणकामाचं बरं चाललंय" एवढंच म्हणते आणि विषय बदलते, हे बाबांनी मागच्या खेपेला बरोबर पकडलं. म्हणून हे पत्र. पहिला भाग बाबांसाठी, हिशोबाचा. आईनं तो वाचला नाही तरी चालेल. ती वाचणारच म्हणा.

बाबा, नोकरी सोडलेली नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

दोन दुकानांत माल जातो. एक दुकानदार रोख पैसे देऊन घेतो, पण भाव पाडून. दुसरीकडे माल नुसता ठेवायचा, विकला गेला की पैसे, आणि त्यात शंभरातले ४० दुकानाचे. हे ४० मला फार टोचायचे. मग एक दिवस त्या दुकानात बसून राहिले. येणारा प्रत्येक जण टोपी उचलतो, उलटी करतो, गालाला लावून बघतो आणि चुरगाळून भलत्याच ढिगात टाकतो. तिथली मुलगी दिवसभर न कुरकुरता घड्या घालत होती. तेव्हापासून ४० बद्दल गप्प आहे. दिलेल्या मालाची यादी करून दुकानदाराची सही घेते, तुम्ही सांगितलं होतंत तसं. (दोन मफलर हरवल्यावर घ्यायला लागले, आधी नाही.)

तुम्ही दिलेल्या वहीत मी पैशांबरोबर तासही लिहिते. कानटोपीला ४ तास, मोठ्या स्वेटरला ४५. स्वेटर टोपीच्या चौपट भावाला जातो, वेळ मात्र अकरापट खातो. लोकरीचा खर्च तर धरलेलाच नाही. म्हणजे ज्याचं सगळे कौतुक करतात तोच मला बुडवतो! आता दुकानात एकच स्वेटर टांगते. लोक तो बघायला थांबतात आणि टोपी घेऊन जातात.

आई, आता तुझं. तू कधी नमुन्याचा तुकडा विणून मोजलेला मला आठवत नाही. समोरच्याच्या पाठीवर एक नजर टाकायचीस आणि टाके घालायला लागायचीस. गिऱ्हाईकाची पाठ मला दिसत नाही गं. एका स्वेटरला १० सेंमीत २२ टाके बसायला हवे होते. मी सुई बदलली, हात सैल पडला आणि २० च बसले. छातीच्या घेराला २२० टाके होते. १०० सेंमीचा घेर ११० झाला आणि खांदे जोडून अंगाला लावेपर्यंत मला पत्ता नाही. सगळा उसवला. लोकर शेवयांसारखी कुरळी झाली होती. मग तुझी युक्ती केली: लडी ओली करून खाली वजन बांधून टांगली. सकाळी सरळ.

दुसरी फजिती जास्त लागली. एक बाळाचा स्वेटर परत आला. कुणीतरी तो गरम पाण्यात घालून घासला होता, बाहुलीच्या मापाचा आणि कांबळ्यासारखा घट्ट झाला होता. उसवताही येईना, धागे एकमेकांत पार गुंतलेले. चूक माझीच, कसा धुवायचा ते मी कुठे लिहिलंच नव्हतं. आपल्या घरी ते सांगावं लागत नाही, सगळ्यांना तुझी भीती! आता प्रत्येक कपड्याला चिठ्ठी शिवते: गार पाणी, घासू नये, पिळू नये, आडवा वाळवावा. बाळांसाठी तर यंत्रात धुता येईल तीच लोकर आणते.

परवा वही उघडी होती, म्हणून सहज तुझ्या स्वेटरांचे तास मांडायला घेतले. आधी माझे, मग दादाचे, मग मामाकडचे, मग शेजारच्या प्रत्येक बाळाचे. बाबांचा तो बिनबाह्यांचा तपकिरी, दोनदा उसवून परत विणलेला. पान भरलं तरी मी शाळेतच होते. मिटून ठेवली वही.

खरं काम पुढेच आहे. दुकानात लोकरीच्या मोज्यांची मागणी आहे आणि माझी टाच वळवल्यावर दोन्ही कोपऱ्यांत भोक पडतं. कोपऱ्यातून एक जादा टाका उचलून पिळून विणला, तरी करंगळी जाते. तुझ्या मोज्यांना तिथे कधी भोक बघितलं नाही. तू काय करतेस? फोनवर सांगू नकोस, मागे "हाताला कळतं" म्हणाली होतीस.

म्हणून एक मोजा घोट्यापर्यंत विणून, सुयांवर तसाच पाठवतेय. टाके गळू नयेत म्हणून टोकांना रबर गुंडाळलं आहे. एकच टाच वळव, तीही बोटं दुखत नसतील तेव्हा, उन्हात बसून. पुढचा पंजा मी विणेन. आणि बाबा, तिनं किती वेळ घेतला ते घड्याळ लावून लिहून ठेवा. तिचे पैसे मी वेगळे काढणार आहे. ती नको म्हणेल, तेव्हा तुम्ही मध्ये पडू नका.

तुमची,
धाकटी