येरळवाडीच्या काठावर भेटलेल्या पक्षीमित्रास

सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत येरळवाडी तलावाच्या काठावर आपण आपला स्पॉटिंग स्कोप (तिवईवर बसवायची मोठी दुर्बीण) व्हीलचेअरवरच्या एका बाईसमोर मांडलात, ऊन चढेपर्यंत तिच्यासोबत पक्षी पाहिलेत आणि नाव न सांगताच मोटारसायकलवरून निघून गेलात. ती बाई मी. आपला पत्ता ठाऊक नसल्यामुळे हे पत्र असे जाहीर लिहीत आहे. मी तोंडी सांगते, मोबाइल टंकतो. विरामचिन्हे मुलीने घातली आहेत.

अपघातात माझ्या मानेतील मज्जारज्जूला इजा झाली. डॉक्टर त्याला क्वाड्रिप्लेजिया, म्हणजे चारही हातापायांचा पक्षाघात, म्हणतात. खांदे हलतात, कोपर वाकते, बोटे मात्र काही धरू शकत नाहीत. त्यामुळे ज्या दुर्बिणीतून मी आयर्विन पुलाच्या आसपास कृष्णेवरचे पक्षी पाहत असे, ती कपाटात गेली. अशा शरीराने दिवसभराची सहल करणे ही घरातल्या सर्वांची परीक्षा असते. मानेखाली पुरेसा घाम येत नसल्याने ऊन बाधते, लघवीच्या पिशवीची नळी नुसती मुडपली तरी रक्तदाब एकाएकी चढून डोके ठणकू लागते आणि त्वचेला जाणीव नसल्याने जखमा होऊ नयेत म्हणून थोड्या थोड्या वेळाने खुर्ची मागे कलती करावी लागते. हे सारे सांभाळत माझे यजमान, मुलगी आणि पुतण्या यांनी मला पहाटे सांगलीहून विटा-मायणीमार्गे आपल्या भागात आणले होते.

याआधीचे काही अनुभव सांगते, नावे सांगत नाही. एका ठिकाणी रॅम्प होता, पण त्याच्या तोंडाशी दुचाकी लावलेल्या होत्या आणि त्या हलवणे हे कोणाचेच काम नव्हते. एका निवासस्थानाच्या व्यवस्थापकांनी फोनवर ‘सगळी सोय आहे’ असे ठासून सांगितले. गेल्यावर कळले की सोय म्हणजे मला खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचलणारी चार पोरे. सहली काढणाऱ्या एका गृहस्थांनी तर माझ्यादेखत यजमानांना विचारले, “यांना नेऊन काय उपयोग?” दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा सुगम्यतेविषयी पुष्कळ काही सांगतो; परंतु माझ्याविषयीचा प्रश्न मलाच विचारावा, हे त्या गृहस्थांना कोणत्या कलमाने शिकवायचे?

आपण पहिला प्रश्न मलाच विचारलात, आणि तोही प्रकृतीचा नव्हता: “आधी काय बघायचंय, रोहित की पट्टकदंब?” रोहित म्हणजे फ्लेमिंगो. मी पट्टकदंब म्हणाले. हिमालय ओलांडून येणारे ते हंस मला काठावरून नुसते राखाडी ठिपके दिसत होते. छातीला पट्टा असल्याने मला पुढे वाकता येत नाही, हे आपण न सांगता ओळखलेत. तिवईचे पाय आखडून एक पाय माझ्या पावलांमधून खुर्चीखाली सरकवलात आणि स्कोपची नेत्रिका थेट माझ्या डोळ्यापाशी आणलीत. डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे मला स्पष्ट, अगदी सावकाश पाहता आले. थवा सरकला की आपण ओल्या मातीत गुडघे टेकून स्कोप पुन्हा जुळवत होतात. पँटचे काय झाले असेल, ते आपल्या घरच्यांनाच ठाऊक.

परंतु मला सर्वांत मोलाचे वाटले ते त्यानंतरचे. फोटो काढायला आलेल्या मंडळींपैकी एकाने स्वतःला पाहता यावे म्हणून तिवई उंच करायला हात घातला, तेव्हा आपण शांतपणे म्हणालात, “उंची तशीच राहू द्या, वाकून बघा.” मग ती सगळी धडधाकट माणसे, माझ्या यजमानांसह, एकेक करून माझ्या खुर्चीशेजारी वाकली. इतकी वर्षे जगाने स्वतःच्या उंचीवरून पाहायचे आणि मला जमेल तेवढे मी मान वर करून पाहायचे, असाच शिरस्ता होता. त्या सकाळी तो एका वाक्यात उलटला आणि त्यासाठी कोणी माझ्याविषयी हळहळही व्यक्त केली नाही. लोक मदत करतात, नाही असे नाही. पण पुष्कळदा मदतीसोबत कौतुकाची अपेक्षा किंवा कीव येते. आपण ज्या सहजतेने वागलात, ती मला आजवर फार थोड्या माणसांत आढळली आहे, आणि त्यांतले बहुतेक शिकलेसवरलेले म्हणून मिरवणारे नव्हते.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत: आपण माझ्याशी वाद घातलात. आजारी बाईचे मन राखावे म्हणून होकार देणारे मला रोज भेटतात. चिखलात टिपणाऱ्या त्या इवल्या पक्ष्याला आपण छोटा टिलवा म्हणालात आणि माझ्या आक्षेपाला दाद दिली नाहीत. तरीही माझे मत कायम आहे. छोट्या टिलव्याचे पाय काळे असतात. त्या पक्ष्याचे पिवळसर होते, म्हणून तो टेमिंकचा टिलवाच होता. आपण त्याचे फोटो घेतले होते. हे पत्र वाचनात आले तर त्यांतला पाय दिसणारा एखादा कृपया पाठवावा, म्हणजे निकाल लागेल.

आपली आभारी,
सांगलीची एक पक्षीनिरीक्षक