चार टायर, दोन आकडे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : एकाच संचात 200 आणि 180 अशा दोन आकड्यांचे टायर दिल्याबाबत

महोदय,

जानेवारीत रत्नागिरीतल्या तुमच्या विक्रेत्याकडून चार टायर घेतले. पावतीवर 'ट्रेडवेअर 200' (टायर किती लवकर झिजतो, त्याचा आकडा) असं लिहिलंय. मी हौशी ऑटोक्रॉस (शंकू मांडलेल्या वाटेवरून वेळ लावून गाडी पळवायची स्पर्धा) खेळतो. आमच्या गटात 200 च्या खालचा टायर चालत नाही, म्हणून तर हेच घेतले. ऐन शिमग्यात पालखी सोडून (घरच्यांची बोलणी वेगळीच) आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलं. तपासणीतला पोरगा टॉर्च घेऊन चाकाशी वाकला. पुढच्या दोन्हींवर 200. मागे गेला आणि म्हणाला, "काका, इथं 180 आहे." झालं, गटातून नाव कटलं.

घरी येऊन तारखा बघितल्या. पुढच्यांवर 3824, म्हणजे 2024 सालचा अडतिसावा आठवडा. मागच्यांवर 1321. जवळजवळ साडेतीन वर्षांचा फरक! मित्राच्या ड्युरोमीटरने (रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र, आकडा जास्त तेवढा कडक) मोजलं, तर पुढचे 68 आणि मागचे 75 भरले. ज्याचा ट्रेडवेअर कमी तो सहसा मऊ असायला हवा. इथे जुना होऊन तोच जास्त कडक झालाय.

फोनवर तुमच्या माणसाने सांगितलं, "कंपाउंड तेच आहे, फक्त आकडा बदललाय." म्हणजे रबराचं मिश्रण तेच. असेलही. हा ट्रेडवेअरचा आकडा अमेरिकेच्या नियमातला. टेक्सासच्या रस्त्यांवर सुमारे 11,600 किलोमीटर टायर पळवतात, सोबतच्या प्रमाण टायरशी झीज ताडून बघतात, आणि शेवटी आकडा ठरवते कंपनीच. तो झिजेचा आकडा आहे, पकडीचा नव्हे, हे मलाही कळतं. पण तपासणीवाल्याकडे प्रयोगशाळा नसते, त्याला टायरच्या अंगावर जे कोरलंय तेवढंच दिसतं. आणि ते तुम्हीच कोरलंय. आकडा वाढवलात, तर जुना माल नव्याच्या पावतीवर का खपवता?

मागचे दोन्ही टायर काढून पडवीत ठेवलेत. जेमतेम घाट चढून उतरलेत. ते घेऊन जा आणि पुढच्यांच्याच बॅचचे, 200 कोरलेले दोन द्या. वाया गेलेली प्रवेश फीसुद्धा भरून द्या. पावतीची प्रत आणि चारही टायरच्या बाजूंचे फोटो जोडले आहेत. विक्रेता "कंपनीला विचारा" म्हणतो, तुम्ही "विक्रेत्याला विचारा" म्हणता. तेव्हा पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

आपला ग्राहक,
रत्नागिरी