सरासरीवाल्या ताईंना, पिकवाल्या फायटरकडून

सप्रेम नमस्कार ताई,

पाथफाइंडर या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत माझ्या फायटरच्या (लढवय्या पात्राच्या) हाती कुठलं शस्त्र द्यावं, याचा हिशेब तुम्ही मांडून दिलात त्याबद्दल जाहीर आभार. "लाँगसोर्ड (लांब तलवार) घे आणि मोकळा हो" म्हणणारे पुष्कळ भेटले. फाशाचा एकेक आकडा धरून समजावणाऱ्या तुम्ही एकट्याच.

लाँगसोर्डचा नुकसानीचा फासा डी८ (आठ बाजूंचा), पिकचा, म्हणजे कुदळीसारख्या टोकदार शस्त्राचा, डी६. मग पिक घ्यायचंच कशाला? तर 'फेटल डी१०' या ट्रेटसाठी, म्हणजे शस्त्राच्या खास गुणासाठी. क्रिट (नेम फारच अचूक लागल्यावरचा जबर वार) बसला की डी६ च्या जागी डी१० येतो, नुकसान दुप्पट होतं आणि वर आणखी एक डी१०. ताकदीचे +४ धरून साध्या वाराला लाँगसोर्ड सरासरी ८.५, पिक ७.५, क्रिटला १७ विरुद्ध २४.५. इथवर कुणीही पोचतं. तुम्ही पुढे विचारलंत, "पण क्रिट तुझ्या वाट्याला येणार किती?"

समोर एसी १८ चा शत्रू, आपण पहिल्या लेव्हलला. वीस बाजूंचा फासा अधिक हल्ल्याचा आकडा एसीला पोचला की वार लागतो; बेरीज एसीच्या दहा वर गेली, किंवा लागलेल्या वाराला फाशावर थेट २० आला, की क्रिट. इतर लढवय्यांचा हल्ला +७, म्हणजे क्रिट फक्त २० ला. हुकलेले वार धरून लाँगसोर्ड ४.६७५, पिक ४.६. कुठलंही घ्या! फायटरचा हल्ला +९, त्याला क्रिट १९ लाही: ५.९५ आणि ६.२. साथीदाराने फ्लँक केलं, म्हणजे शत्रूच्या पलीकडे उभं राहून त्याला दोघांच्या मधे पकडलं, एसी दोनने उतरला, की क्रिट थेट १७ पासून: ७.६५ आणि ८.६५. ट्रेट तोच, पण त्याचं मोल शस्त्र धरणाऱ्यावर आणि पलीकडे उभ्या असलेल्या सोबत्यावर ठरतं, हे मला नियमपुस्तक वाचून उमगलं नसतं.

एवढं करून वर तुम्हीच सरासरीचे कान उपटलेत, ते तर फारच आवडलं. साध्या गोब्लिन योद्ध्याचे हिट पॉइंट (जीव किती नुकसान सोसेल तो आकडा) ६. नेम लागला आणि नुकसानीच्या फाशावर १ आला नाही, की दोन्ही शस्त्रांनी तो आडवाच, २४.५ चा क्रिट त्याच्यावर वाया. पिकची खरी मजा मोठ्या धुडासमोर, आणि धुडाचा एसी चढा, म्हणून आधी फ्लँक. (आमचा रोग, म्हणजे गटातलं 'Rogue' हे चपळ पात्र, हल्ली मी सांगायच्या आतच जागा बदलतो.)

आता स्किमिटार (वाकडी तलवार) डोक्यात बसलंय. तिच्या 'फोर्सफुल' या ट्रेटचा (वाढीव नुकसानीचा) फायदा एकाच फेरीतल्या दुसऱ्या वारापासून, आणि नेमका तिथेच नेमाला −५ चा फटका. आकडेमोड करून पाठवतो, सवडीने तपासून द्याल?

आपला,
पिकवाला फायटर