अंकल टॉम आणि साडेपाच लाख सह्या

प्रिय मेधा,

परवा फोनवर तू म्हणालीस ना, कादंबऱ्यांनी काय होतंय, माणसं वाचतात, रडतात आणि झोपतात, ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलेय. हॅरिएट बीचर स्टोवचं 'अंकल टॉम्स केबिन' घे. १८५० मध्ये अमेरिकेत कायदा आला की पळालेला गुलाम गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत सापडला तरी मालकाच्या ताब्यात द्यायचा, त्या संतापातून तिने ही गोष्ट लिहिली, आधी साप्ताहिकात क्रमशः आणि १८५२ ला पुस्तक. त्यातली गुलाम एलायझा लेकराला घेऊन ओहायो नदीतल्या बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारत पळते तो प्रसंग वाच गं, पायातले जोडे गेलेत, पावलागणिक रक्त उमटतंय! इंग्लंडमध्ये तर ते अमेरिकेपेक्षाही जास्त खपलं, कॉपीराइटचं बंधन नाही म्हणून जो तो छापत सुटला, स्टोवच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही.

पण लोक नुसते रडले नाहीत. गुलामगिरी संपवा असं अमेरिकेतल्या बायकांना सांगणाऱ्या पत्रावर ब्रिटनमधल्या साडेपाच लाखांहून जास्त बायकांनी सह्या केल्या, त्याचे २६ जाडजूड खंड झाले. पुढाकार सदरलंडच्या डचेसचा, म्हणजे बड्या सरदार घराण्यातल्या बाईचा, आणि १८५३ ला स्टोव लंडनला गेली तेव्हा हिनेच तिला बेडीच्या कड्यांसारखं सोन्याचं ब्रेसलेट दिलं.

मग जी जुंपली! माजी राष्ट्राध्यक्ष टायलर यांच्या बायकोने व्हर्जिनियातून उत्तर छापलं की आधी तुमच्या लंडनमधले गरीब बघा. स्वतः गुलाम बाळगणाऱ्या बाईने हे बोलावं याची मला चीड येते. पण डोनाल्ड मॅक्लाउड या स्कॉटिश गवंड्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. सदरलंड घराण्याने मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली होती, याच्या बायकापोरांनाही घराबाहेर काढलेलं, आणि स्टोवने प्रवासवर्णनात त्याच घराण्याची बाजू घेतली तेव्हा या माणसाने पुस्तक लिहून तिला जाब विचारला. तिचं चुकलंच तिथे, माझी आवडती लेखिका असली तरी.

पुढे अमेरिकेत गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिण युद्ध पेटलं आणि इंग्लंडमधले बरेच बडे लोक गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडे झुकले, दक्षिणेसाठी जहाजंसुद्धा तिथे बांधली गेली. १८६३ च्या जानेवारीच्या एका मासिकात स्टोवने त्या सह्या करणाऱ्या बायकांना लिहिलेलं जाहीर उत्तर छापून आलं, तुमची ती कळकळ आता कुठे गेली म्हणून. आणि त्याच सुमारास, युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने गिरण्या थंडावलेल्या असताना, मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन उत्तरेच्या बाजूच्या राष्ट्राध्यक्ष लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं होतं. त्यांच्यातल्या कितीजणांनी टॉमची गोष्ट वाचली असेल गं?

पुस्तक कुरिअरने पाठवतेय, वाच आणि मग भांड माझ्याशी.

तुझीच,
अनू