उन्हात हिरवा पडलेला कान

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लांबलं, कारण एका नाकानं मला अडकवून ठेवलं होतं. कड चेहऱ्यात मिसळेना. चौथ्यांदा मेण खरवडलं तेव्हा कुठे जमलं.

‘पोरगी बारावीनंतर नकली नाक-कान करायचं म्हणते, तिला जरा समजाव’ असं तू लिहिलंस. वीस वर्षं मी तेच करतोय, मी काय समजावणार कपाळ! वहिनींचा प्रश्न मात्र रास्त आहे : यात पोट भरतं का? त्यावर येतो, पण आधी माझी एक फजिती ऐक.

सुरुवातीच्या काळात एका बाईंचा उजवा कान करायला घेतला. जन्मतःच नव्हता. डाव्या कानाकडे बघत, पण आरशात दिसावा तसा उलटा, मेणात घडवला. आता स्कॅन करून संगणकावर उलटवता येतो, तेव्हा डोळ्यांवरच भिस्त होती. आकार छान उतरला. मग आला रंग. पक्का कान सिलिकॉनचा, म्हणजे रबरासारख्या मऊ पदार्थाचा असतो. त्यावर नुसता वरून रंग फासला की कान बाहुलीचा दिसतो, कारण आपली कातडी थोडी आरपार असते, उजेड आत शिरून परत येतो. म्हणून मेणाच्या कानावरून काढलेल्या साच्यात सगळं उलट्या क्रमानं भरायचं : आधी सगळ्यात वरचा, जवळजवळ पारदर्शक थर, मग तीळ आणि डाग, मग शिरांसाठी लाल-जांभळ्या धाग्यांचा भुगा, आणि शेवटी मागचा दाट रंग. भट्टीतून निघालेला कान ट्यूबलाइटखाली लावून बघितला तर असा बसला की मीच हरखलो. बाई बहिणीबरोबर दाराबाहेर उन्हात गेल्या आणि बहीण म्हणाली, “अगंबाई, हा हिरवा दिसतोय!”

दिसत होताच. एका उजेडात तंतोतंत जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात फटकून वागतात, हे पुस्तकात वाचलं होतं. कळलं त्या दारात. कान पुन्हा केला, पैसे न घेता. तेव्हापासून पेशंटला आधी खिडकीशी बसवतो, मग ट्यूबखाली, मग पिवळ्या दिव्याखाली, आणि मगच रंग पक्का करतो.

नंतर वाचनात आलं की या उजेडानं माझ्या आधी भल्याभल्यांना छळलंय. पहिल्या महायुद्धात चेहरा उडालेल्या सैनिकांसाठी ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकार बाईंनी रेडक्रॉसच्या मदतीनं पॅरिसमध्ये मुखवट्यांची कार्यशाळा काढली होती. जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा, चष्म्याच्या काड्यांनी कानावर अडकवलेला. त्या मुखवटा सैनिकाच्या तोंडावर असतानाच रंगवत. ढगाळ दिवशी जो रंग टवटवीत दिसतो तोच कडक उन्हात राखेसारखा होतो, म्हणून मधली छटा निवडावी लागे. शंभर वर्षांनी माझ्याकडे सिलिकॉन आहे, पण मधली छटा शोधणं काही सुटलेलं नाही.

खरा बदल झाला तो चिकटवण्यात. ब्रॉनेमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकाला १९५२ च्या सुमारास सशांवर प्रयोग करताना दिसलं, की टायटॅनियम हा धातू हाडाशी एकजीव होतो. पुढे तो दातांसाठी आणि मग चेहऱ्यासाठी वापरात आला. आता कवटीच्या हाडात त्याचे छोटे स्क्रू बसवून त्यांवर लोहचुंबकानं कान ‘टक्’ करून लागतो. ज्यांना शस्त्रक्रिया नको किंवा सोसवणार नाही, त्यांना रोज गोंद आहेच.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे. नोकऱ्या थोड्या आहेत. मोठी रुग्णालयं, दंत महाविद्यालयं, काही खाजगी कार्यशाळा, संपलं. बऱ्याच विमा कंपन्या याला शोभेची वस्तू समजून हात वर करतात. अरे, नाक नसेल तर चष्मा कुठे टेकवायचा? पण काम संपत नाही, हेही खरं. ऊन, घाम, गोंद आणि सिगारेट यांनी रंग उतरतो, पातळ कडा फाटतात, दीड-दोन वर्षांत नवा अवयव लागतो. माझ्याकडे असे लोक आहेत ज्यांचं मी सहावं नाक केलंय, आणि दर वेळी त्यांच्या वयाप्रमाणे थोडं म्हातारं केलंय.

वाटा अनेक आहेत. दंतवैद्यक करून प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे कृत्रिम दात-अवयवांच्या शाखेत, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी, ही सगळ्यात भक्कम. शिल्पकलेतून किंवा वैद्यकीय चित्रकलेतून येणारे आहेत, सिनेमाच्या मेकअपमधून आलेलेही आहेत. पण सिनेमाचा चेहरा एका दिवसात काढून फेकतात, आपला माणूस तो लावून बाजारात जातो. कृत्रिम डोळ्यांचं काम तर बरंचसं उस्तादाच्या हाताखालीच शिकतात. अमेरिकेत असे डोळे बनवणाऱ्यांच्या संघटनेची उमेदवारी पाच वर्षांची, दहा हजार तासांची आहे. पांढऱ्या ॲक्रिलिकवर, म्हणजे कडक प्लास्टिकवर, लाल रेशमाचे तंतू एकेक ठेवून शिरा करायच्या. कंटाळा येणाऱ्यानं तिकडे फिरकू नये.

तिची चित्रं तू पाठवलीस. हात चांगला आहे. पण मला हाताची तेवढी काळजी नाही. कर्करोगानं अर्धा गाल नेलेला माणूस समोर बसतो, पट्टी सोडतो आणि तुमच्या डोळ्यांकडे बघत राहतो. तेव्हा नजर खाली घालायची नाही आणि रोखूनही बघायचं नाही. पहिल्या वर्षी मला ते जमत नव्हतं. मी उगाच वहीत काहीतरी लिहीत बसायचो, आणि पेशंटला ते कळायचं. तिला जमेल का, हे तुला घरबसल्या कळणार नाही, मलाही नाही.

म्हणून सुट्टीत पंधरा दिवस तिला इकडे पाठव. येण्याआधी एक काम सांग : दोन आरसे समोरासमोर धरून स्वतःचा डावा कान मेणात करायचा, खऱ्या मापाचा, फोटो न बघता. बिघडला की मोडून पुन्हा. मेण कुरिअरनं पाठवतोय. झालेला कान कडक डब्यात घालून आणायला सांग, पिशवीत नको. मागे एकीनं आणलेला कान प्रवासात चपटा झाला आणि ती बिचारी दिवसभर रडवेली होती.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझाच,
नाकवाला