उकळलेल्या गाडीत बोअरचे गार पाणी ओतू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापू लागला की मराठवाड्यातल्या रस्त्यांच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या गाड्या दिसू लागतात. गाडी गरम झाल्याने लगेच निकामी होत नाही. त्यानंतरच्या पाव तासात आपण तिचे जे करतो त्याने ती निकामी होते. हे मी अनुभवाने शिकलो, म्हणून हे पत्र.

आमची मारुती ८०० ही १९९९ सालची, कार्ब्युरेटरची गाडी. गेल्या मे महिन्यात जालन्याहून तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघालो असता बीडच्या पुढे मांजरसुंब्याच्या घाटात तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. गाडीत चार माणसे, एसी चालू आणि पुढे मालट्रकांची रांग. इतक्या कमी वेगात रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही व सगळा भार पंख्यावर येतो. माथा जवळच आहे असे म्हणून मी तशीच दीड-दोन किलोमीटर गाडी रेटली. वाफ येऊ लागल्यावर थांबलो, तेव्हा शेजारच्या ढाब्यावरचा एक मुलगा मदतीला धावून आला आणि त्याने फडके धरून रेडिएटरचे झाकण फिरवले. उसळलेल्या पाण्याने त्याचा हात मनगटापर्यंत भाजला. त्याला मी अडवले नाही, याची खंत आजही जात नाही. झाकण घट्ट असेपर्यंत आतले पाणी दाबाखाली असते, त्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि तेच पाणी वाफेसह बाहेर झेपावते.

त्यावर कडी म्हणजे, त्याने आणलेले बोअरचे बादलीभर गार पाणी आम्ही तापलेल्या इंजिनातच ओतले. या गाडीचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, ॲल्युमिनियमचे असते. आधीच अति तापलेले हेड असे एकाएकी गार केले की ते वाकते, प्रसंगी तडकते, आणि थोडे जरी वाकले तरी त्याखालचे गॅसकेट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, टिकत नाही.

गाडी टोचन करून एका गॅरेजात नेली. तिथे गॅसकेट बदलले, पण हेड सपाट आहे की नाही हे पाहिले नाही, आणि ‘आपल्याकडच्या उन्हात याची गरज नाही’ असे सांगून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढून टाकला. ही समजूत आपल्या भागात फार पसरली आहे आणि ती चुकीची आहे. चांगला थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडू लागतो, म्हणजे काटा लाल रेघेकडे जाईपर्यंत तो केव्हाच पूर्ण उघडलेला असतो. अडकलेला असेल तर नवा बसवावा. तो नुसता काढून टाकल्याने एरवी इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, पेट्रोल जास्त लागते आणि खरा बिघाड झाकला जातो. आमचा बिघाड असाच पंधरा दिवस झाकला गेला. मग गाडी पुन्हा पाणी फेकू लागली.

दुसऱ्यांदा जालन्यातल्याच एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एकही भाग खोलण्याआधी तास-दीड तास केवळ तपासणी केली. गार इंजिन झाकण काढून सुरू केले, तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत होते, म्हणजे सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत होता. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय धरली होती. मग त्यांनी पंख्याच्या थर्मो स्विचची जोडणी काढून दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या आणि पंखा फिरू लागला. मोटर व फ्यूज ठीक होते. पाणी तापल्यावर पंखा चालू करणारा तो लहानसा स्विच बंद पडला होता. हेडच्या कामापुढे त्याची किंमत काहीच नव्हती. रेडिएटर उघडला तेव्हा घरच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच क्षारांचा पांढरा थर नळ्यांत बसलेला दिसला. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचा तो अनेक वर्षांचा साठा होता.

पुढे हेडला फेसिंग केले, म्हणजे ते घासून सपाट केले, गॅसकेट, थर्मोस्टॅट, स्विच, रेडिएटरचे झाकण व होज पाइप नवे बसवले, रेडिएटरचे रॉडिंग केले, म्हणजे त्याच्या नळ्या सळीने साफ केल्या, पाणी मिसळलेले ऑइल काढून नवे भरले आणि आतली हवा पूर्ण निघेपर्यंत कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) सावकाश भरले. या मेहनतीच्या कामासाठी त्या मिस्त्रींचे जितके आभार मानावेत तितके थोडे आहेत. नवरात्रात त्याच घाटातून तुळजापूरला जाऊन आलो. काटा निम्म्याच्या वर गेला नाही.

काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा. उन्हात ते असह्य वाटले तरी इंजिनातली बरीच उष्णता त्यातून निघून जाते. मग पहिल्या सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे आणि किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नये. गाडीत पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर ठेवावे. तेही नसेल तर आता गावोगावी मिळणारे जारचे आरओ पाणी बोअरपेक्षा पुष्कळ बरे, मात्र नंतर ते काढून योग्य कूलंट भरून घ्यावे.

गॅरेजचालकांना विनंती आहे की काढलेला प्रत्येक भाग मालकाच्या हातात द्यावा व तो का काढला हे सांगावे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला जातो. या संस्थांनी मार्चमध्ये एक दिवस जुन्या गाड्यांचे पंखे, झाकणे व होज पाइप तपासून दिले, तर विद्यार्थ्यांच्या हाताला सराव होईल आणि एप्रिल-मे महिन्यांत घाटात अडकणारी कितीतरी कुटुंबे वेळेवर घरी पोहोचतील. संस्थांच्या प्राचार्यांपर्यंत ही सूचना आपल्या दैनिकामार्फत पोहोचावी, एवढ्यासाठी हे पत्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जालना