जुन्या पिकअपच्या पंपाचं डिझेल वाढवून घेऊ नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात नवीन गाड्यांची माहिती येते ती मी वाचतो, पण कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सकाळी गुळाचे रवे भरायला ज्या गाड्या लागतात त्यात जुन्या बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि छोटे हत्ती (टाटा एस) अजून भरपूर आहेत आणि त्यांच्याबद्दल कोण लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

सेकंड हँड गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेज किती, आणि सीसी जास्त म्हणजे डिझेल जास्त असं लोक धरूनच चालतात. तसं नसतंय. छोटा हत्ती २००५ ला आला तेव्हा इंजिन ७०२ सीसी, दोन सिलिंडर, १६ एचपी, गावात फिरायला एकदम बरोबर गाडी. पण तिच्यावर पिकअपचा माल लादून गगनबावड्याचा घाट चढवायला लागलात तर सगळा रस्ता खालच्या गिअरमध्ये फुल रेसवर जातो, मग कसलं अ‍ॅव्हरेज राहतंय. बोलेरो पिकअपचं जुनं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन २५२३ सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी ८८.९ आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल १०१.६ मिमी, म्हणजे इंचात बरोबर साडेतीन आणि चार. स्ट्रोक लांब असल्यानं ओढ दीड हजार आरपीएमच्या आसपासच मिळते, हे इंजिन रेस करून पळवायचं नाहीच. टाटा २०७ डीआय तर २९५६ सीसी. या दोन्हीत डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, छोट्या हत्तीत ते आधी बाजूच्या लहान चेंबरमध्ये पेटतं आणि तिथंच थोडी उष्णता वाया जाते.

आता मुख्य मुद्दा. गाडी ओढत नाही म्हटलं की काही मिस्त्री सरळ इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देतात. मी घेतलेल्या जुन्या पिकअपला आधीच्या मालकानं हेच करून घेतलं होतं, मला लिटरला ९ किलोमीटर पडत होती, घाटात मागचा गाडीवाला दिसत नव्हता एवढा काळा धूर, आणि ऑइल लगेच काळं व्हायचं. अहो टर्बो (जादा हवा आत ढकलणारा पंखा) नसलेल्या इंजिनात हवा जाते तेवढीच जाते, डिझेल वाढवलं तर ते पूर्ण जळणार कुठून, धूर होऊन जातं आणि पिस्टन तापतो ते वेगळंच. पंप मशीनवर लावून कॅलिब्रेट केला म्हणजे डिझेलचं माप बरोबर करून घेतलं, डिझेल फवारणारे नोझल बदलले, एअर फिल्टर नवीन टाकला आणि एक मागचा ब्रेक धरत होता तो मोकळा केला, तर त्याच रस्त्याला तोच माल घेऊन १२ मिळाली. खर्च झाला, पण डिझेलात निघाला.

अ‍ॅव्हरेज मोजायचं तर टाकी गळ्यापर्यंत भरा, दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा, त्याच पेट्रोल पंपावर परत गळ्यापर्यंत भरा आणि भागाकार करा. मोठ्या साइजचे टायर टाकले असतील तर मीटर कमी किलोमीटर दाखवतं, तेही धरा. कोकणात माल उतरवून रिकामी वर येणारी गाडी आणि सीझनला आंबा भरून वर येणारी गाडी यांची तुलना करू नका.

जुन्या पिकअपचं इंजिन, पंप, टायरचं हवेचं प्रेशर असली माहिती आठवड्यातून एकदा छापाल का? यार्डातले ड्रायव्हर पेपर वाचतात.

आपला,
एक पिकअपवाला, कोल्हापूर